एक बोट, दोन बोटं, मूठ

माझ्या दुकानाच्या पाटीवर 'सीट कव्हर शिवून मिळतील' एवढंच लिहिलेलं आहे. तरी महिन्यातून एखादा माणूस वाशिमच्या पुसद नाक्याकडच्या या अरुंद दुकानात डोकावतो, मशीनवर बसलेल्या माझ्याकडे बघतो, मग माझ्या पाठीमागे कुणी पुरुष दिसतो का ते बघतो आणि विचारतो, "ते जुन्या गाड्या पारखणारे कुठं बसतात?" मी सुईत दोरा ओवून होईपर्यंत त्याला ताटकळत ठेवते. मग सांगते, ते म्हणजे मीच. बाईमाणसाला गाडीतलं काय कळणार, हे वाक्य तो बोलत नाही, पण त्याच्या तोंडावर ते मला नीट वाचता येतं. मी त्याची समजूत घालत नाही. ज्याला जायचं असेल त्यानं जावं, रस्ता समोरच आहे.

कालपरवापर्यंत ज्या गाड्यांत कोंबड्या अंडी घालायच्या, त्यांना आता लोक 'व्हिंटेज' म्हणतात. नागपूर, पुणे, कुठून कुठून माणसं आमच्या जिल्ह्यातली गावं पालथी घालतात, कारण लष्करानं लिलावात काढलेल्या जीपा इकडे पुष्कळ आल्या आणि इकडच्या माणसांनी त्या मरेपर्यंत चालवल्या. मग मधले व्यापारी आले आणि त्यांच्याबरोबर लबाडीही आली. नवा पत्रा मिठाच्या पाण्यानं गंजवतात. कालचा कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना करतात. चेसिसचा नंबर घासून दुसरा ठोकतात. नवा ठोकलेला नंबर मी नखानं ओळखते. आकडा ठोकला की कडेला धातू किंचित वर येतो, तो नखाला टोचतो. जुन्या नंबराच्या कडा झिजून मऊ झालेल्या असतात. आणि सगळ्यात जास्त चालते ती लांबी. पत्र्यातले खड्डे बुजवायला जो लगदा थापतात त्याला आमच्या कामात लांबी म्हणतात. वरून रंग मारला की डोळ्याला काही कळत नाही, कानाला मात्र कळतं.

हा कान मला अब्बांच्या बहिरेपणामुळे मिळाला.

अब्बा डेंटर. चेपलेली गाडी त्यांच्याकडे यायची आणि सरळ होऊन जायची. सगळी हयात पत्र्यावर हातोडी मारल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालं. मी नऊ-दहा वर्षांची असताना ते मला जवळ बसवून घ्यायला लागले. गिऱ्हाईक जुनी गाडी दाखवायला आणायचं, ही घ्यावी का म्हणून. अब्बा बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत पुढे जायचे आणि मी मागे उभी राहून ऐकायची. कारखान्याचा पत्रा असला तर मी एक बोट वर करायची. नंतर कुणी कापून घातलेला नवा पत्रा असला तर दोन बोटं. लांबीचा भद्द आवाज आला तर मूठ. अब्बा तिरक्या नजरेनं माझा हात बघायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे. लोकांना वाटायचं, मिस्त्रीची पोरगी खेळून राहिली. ज्या दिवशी हे गुपित फुटलं त्या दिवशी एक जण हसला होता. अब्बांनी त्याची गाडी न बघताच परत पाठवली.

त्या काळात माझ्याकडून एक चूक झाली. ती इथे सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

अनसिंगचे एक गुरुजी आपली पांढरी अँबॅसिडर विकायला घेऊन आले होते. घेणारा बरोबरच होता. पुढच्या डाव्या मडगार्डवर अब्बांनी पेर वाजवलं आणि आवाज भद्द आला. मी मूठ दाखवली. अब्बा म्हणाले, "इथं लांबी हाय." गुरुजी म्हणाले, गाडीला कधी ओरखडा सुद्धा गेला नाही. घेणारा मान हलवत निघून गेला. गुरुजी भांडले नाहीत, फक्त गाडीकडे बघत राहिले. अब्बांना ते काही बरं वाटलं नसावं, कारण त्यांनी तिथंच पान्हे काढून मडगार्ड खोललं. आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, चांगलं मुठीएवढं. पत्रा कारखान्याचाच होता. आवाज मातीचा होता.

दुसऱ्या दिवशी अब्बा मला घेऊन त्या घेणाऱ्याच्या घरी गेले, गुरुजींनाही तिथं बोलावून घेतलं आणि दोघांसमोर म्हणाले, "गुरुजी, गलती माही हाय. पोरीची नाही. गाडी चोख हाय." परत येताना ते मला एवढंच म्हणाले, "आत हात घातल्याबिगर बोट वर करायचं नाही." त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नसल्यानं ते जरा मोठ्यानंच बोलले आणि सगळ्या एसटीनं ते ऐकलं. मला रडू आलं होतं. त्यानंतर मी आत हात घातल्याशिवाय एकदाही बोट वर केलेलं नाही.

तर, गेल्या हिवाळ्यात नागपूरचा एक व्यापारी दुकानात आला. मेडशीला एक जीप आहे म्हणाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, अस्सल. पुण्याचा एक शौकीन ती घ्यायला तयार आहे, पण त्याला व्यापाऱ्याच्या शब्दावर भरवसा नाही, तिऱ्हाइताची सही पाहिजे. "तुम्ही या, एक नजर टाका, सही करा. काम सोपं आहे मॅडम." ज्याला सोपं काम म्हणतात त्यात कुठंतरी खोच असतेच, हे मला ठाऊक आहे. पण जीप म्हटल्यावर मी गेले.

जीपचे मालक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पांढरी टोपी, हात अजून स्टिअरिंगवर असल्यासारखे थोडे पुढे धरलेले. टिनाच्या छपराखाली, तुरीच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाशेजारी गाडी उभी होती. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "तू मिस्त्रीची पोरगी न? डेंटरची?" मी हो म्हटलं तर त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. तेव्हाच मला काहीतरी लक्षात यायला हवं होतं.

"सारं वरिजनल हाय, बाई," ते म्हणाले. "कंपनीतून निंगाली तशी हाय."

मग हळूच जवळ येऊन त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पोरांनी भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. "रविवारी येऊन राह्यला तो. कटरनं कापतात म्हणे. पोरं म्हणतात, जागा अडवून राह्यली. या पुण्याच्या साहेबानं नेली तर नेली. नाही तर मले पाहाव लागन ते." त्यांनी उगाच टायरला लाथ मारली.

पुण्याचे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. शांत माणूस, कमी बोलणारा. व्यापाऱ्यानं एक छापील कागद माझ्या हातात दिला. डावीकडे गाडीच्या भागांची यादी आणि समोर दोन रकाने, 'ओरिजिनल' आणि 'डुप्लिकेट'. ज्यात बसेल त्यात खूण करायची आणि खाली सही.

मी कामाला लागले. चेसिसचा नंबर नखाला गुळगुळीत लागला, जुनाच होता. पुढचे दिवे मी मोठ्या आशेनं पाहिले. त्या काळच्या जीपचा दिवा खिळीवर उलटा फिरतो आणि इंजिनावर उजेड पाडतो, अंधारात दुरुस्ती करता यावी म्हणून. तो फिरला, कुरकुरत का होईना फिरला, आणि मला मनापासून आनंद झाला. मडगार्ड सपाट, पत्रा जाड, एक बोट. दोन्ही बाजू, एक बोट. मागचा एक कोपरा लांबीनं भरलेला होता, तिथं मूठ. मी 'डुप्लिकेट'मध्ये खूण केली, व्यापाऱ्यानं नाक मुरडलं, पण एवढंसं चालतं म्हणाला.

शेवटी बॉनेट राहिलं. अशा गाडीत बॉनेटला फार मान. व्यापाऱ्यानं रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावून दाखवलं, लांबीचा कणही नव्हता. लोहचुंबक सगळीकडे चिकटलं. मी पेर वाजवलं. मध्ये, कडेला, पुढची काच आडवी पाडली की ती टेकायला जे दोन लाकडी ठोकळे असतात त्यांच्या शेजारी. सगळीकडे एकच आवाज, भरीव, एकसारखा. माझ्या कानानं निकाल दिला, कारखान्याचं. मी 'ओरिजिनल'मध्ये खूण करायला पेन उघडलं. ड्रायव्हरकाकांनी सुस्कारा सोडलेला मला ऐकू आला.

आणि सवयीनं मी आत हात घातला.

आतून काळा डांबरी रंग होता, वर कित्येक वर्षांचं तेल आणि धूळ. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. कडेच्या घडीत माझी बोटं फिरली आणि थांबली. तिथं ओळीनं बारीक बारीक खुणा होत्या, कणकेत नख रुतावं तशा, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. कारखान्याच्या दाबयंत्रातून निघालेल्या पत्र्यावर हातोडीची खूण नसते. आणि या खुणा कुणा भलत्याच्या हातोडीच्या नव्हत्या. अब्बांच्या सपाट हातोडीचा एक कोपरा उडालेला आहे. घासून सरळ करा म्हटलं की ते म्हणायचे, काम तर करून राह्यली, कायले घासू. बाहेरून ते कानस मारून सगळं गुळगुळीत करायचे, आत तसंच ठेवायचे. ती हातोडी आजही आमच्या घरात कपाटावर आहे. लहानपणी मी त्या खुणांवरून बोट फिरवत बसायची.

ते बॉनेट अब्बांनी बनवलेलं होतं. सपाट पत्र्यापासून, हातानं, आख्खं.

मी तशीच हात आत घालून उभी राहिले. काय काय मनात आलं ते सांगायला लाज कशाची. आधी अभिमान वाटला, इतका की हसू फुटायची वेळ आली. ज्या कानाला अब्बांनी घडवलं त्याच कानाला त्यांच्या कामानं फसवलं होतं. यंत्र फसलं, चुंबक फसलं, व्यापारी फसला. मग वाटलं, गप्प बसावं. एक खूण केली की गाडी पुण्याला जाईल, छपराखाली राहील, पुसूनबिसून ठेवतील. अब्बांचं काम वाचेल. बोलले तर पुण्याचा गडी उठून जाईल आणि रविवारी कटर येईल. ड्रायव्हरकाका माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं की त्यांना माहीत आहे. पहिल्यापासून माहीत होतं.

पण मग त्या दोन रकान्यांकडे माझं लक्ष गेलं आणि माझं डोकं फिरलं. खोटं बोलले तर बॉनेट वाचेल, पण ते अब्बांचं राहणार नाही. पुण्यातली माणसं त्याच्यावरून हात फिरवतील आणि सातासमुद्रापारच्या कुठल्या कारखान्याचं कौतुक करतील. अब्बांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सरळ केल्या, आपलं नाव कुठं लिहिलं नाही. त्यांच्या हातचं एवढं एक आख्खं काम माझ्यासमोर होतं आणि ते मीच पुसून टाकायचं, ते मला जमणार नव्हतं.

मी हात बाहेर काढला आणि म्हणाले, "हे बॉनेट कारखान्याचं नाही."

व्यापारी आधी हसला. मग माझ्या जवळ येऊन दात आवळून म्हणाला, "मॅडम, एक टिक मारायची होती. यंत्र दाखवतंय ना?"

"यंत्राला हात नाहीत," मी म्हटलं.

ड्रायव्हरकाका कुटाराच्या ढिगावर बसले. "काहून बोलली, बाई?" ते म्हणाले. "कोणाले समजलं असतं?"

"मले समजलं न, काका."

 मग पुण्याचे गृहस्थ उठले आणि विचारलं, कशावरून म्हणता. मी त्यांचा हात धरला, हो, परक्या पुरुषाचा हात भर गावात धरला, आणि बॉनेटच्या कडेत नेऊन ठेवला. ते बराच वेळ चाचपडत राहिले. त्यांचा चेहरा बदलला तेव्हा मी सांगितलं, ही माझ्या अब्बांची हातोडी आहे.

मग काकांनाही बोलावंच लागलं. तरुणपणी पातूरच्या घाटात रोही आडवा आला होता, आमच्याकडे नीलगाईला रोही म्हणतात, आणि बॉनेटचा पार चुराडा झाला. नवं मिळणं शक्यच नव्हतं. "तुह्या बापाजवळ गेलो. त्यानं एका जुन्या टँकरचा पत्रा आणला. म्हणे, याचा आवाज जुळते. आठ दिवस ठोकत होता. तू तवा एवढीशी होती, तिथंच धुळीत खेळत राहे." आणि मान खाली घालून म्हणाले, "मी खोटं बोललो, बाई. तू ओळखशीन असं वाटलं नाही. ओळखशीन तरी बापाच्या कामाले नाव ठेवणार नाही, असं वाटलं."

"नाव ठेवत नाही, काका. नाव सांगून राह्यली," मी म्हटलं.

व्यापाऱ्यानं माझ्या हातातला कागद ओढून घेतला आणि 'डुप्लिकेट'मध्ये बॉनेटसमोर खूण केली. "झालं. आता सही करा."

इथं मात्र माझा आवाज चढला. मी कागद परत घेतला आणि त्याची खूण खोडली. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याची नक्कल करून खपवलेला माल. अब्बांनी कुणाला फसवायला ते बनवलं नव्हतं. गाडी चालावी म्हणून बनवलं होतं आणि ती त्यावर चाळीसहून जास्त वर्षं चालली, वराती नेल्या, आजारी माणसं दवाखान्यात पोचवली. मी दोन्ही रकाने ओलांडून आडवं लिहिलं, 'हातानं घडवलेलं, वाशिमच्या मिस्त्रीचं' आणि खाली सही केली. व्यापारी म्हणाला, असा कागद चालत नाही. मी म्हटलं, मग फाडून टाका, पण त्यावर माझी सही राहील ती अशीच राहील. यापुढे मॅडम तुम्हाला काम मिळणार नाही, असंही तो म्हणाला. सीट कव्हरं फाटायची थांबलेली नाहीत, मी म्हटलं.

पुण्याच्या गृहस्थांनी कागद घेतला, घडी घातली, खिशात ठेवला. गाडी नेणार म्हणाले. काका उठून उभे राहिले. पण लगेच पुढचं वाक्य आलं. बॉनेट मात्र बदलावं लागेल, त्यांच्या संग्रहात कारखान्याचंच लागतं, ते कुठूनतरी मागवतील. "राग मानू नका, ताई. काम सुरेख आहे. पण माझा नियम आहे."

"मग हे?" मी विचारलं.

"हे निघेल. टाकून द्यावं लागेल."

"माझी पारखायची फी हीच समजा. हे मी नेते."

गृहस्थांनी मान डोलावली. काकांनी स्वतः पान्हा आणला. कुठला बोल्ट अडतो ते त्यांनाच माहीत होतं. खोलताना त्यांनी बॉनेटवर दोनदा थापटलं, बैलाला थापटतात तसं. जीप उघड्या तोंडानं टेम्पोवर चढली आणि मेडशीच्या फाट्यावरून निघून गेली. काका रस्त्यावर ती दिसेनाशी होईपर्यंत उभे होते, आणि मग माझं बॉनेट उचलायला वळले.

एसटीच्या कंडक्टरनं बॉनेट बघून विचारलं, हे काय विमानाचा पंखा हाय काय. काकांनी त्याला आपली जुनी नोकरी ऐकवली, तेव्हा ते मागच्या सीटच्या पाठीमागे उभं राहिलं. वाशिमपर्यंत मी एका हातानं ते धरून बसले होते. लोक बघत होते. मी त्यांच्याकडे उलटं बघत होते.

अब्बा अंगणात खाटेवर बसले होते. आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, काहीच ऐकू येत नाही, डोळेही अधू झालेत. मी बॉनेट त्यांच्या मांडीशी टेकवलं आणि काही सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता. त्यांनी आधी वरून हात फिरवला. पेर वाजवलं, स्वतःला ऐकू येत नसताना, आणि माझ्याकडे बघितलं. मी एक बोट वर केलं. मुद्दाम केलं. त्यांना कळावं की त्यांनी मला फसवलं.

त्यांनी मान हलवली आणि आत हात घातला. कडेच्या घडीत बोटं गेली आणि थांबली. मग ते हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. डोळे पुसले. आणि माझा तो हात धरून, वर केलेल्या एका बोटाशेजारी त्यांनी माझं दुसरं बोट सरळ करून उभं केलं.

मी ते खाली घेतलं आणि पुन्हा एकच दाखवलं. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली आणि पुन्हा दोन केली.